न हलणारा पलंग

नोंद केल्याशिवाय मी कुठून बाहेर पडत नाही. चौतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली की माणसाचं असं होतं. घरी दाराआड एक वही टांगलेली आहे. दूध आणायला निघालो तरी मी तीत वेळ टाकतो आणि परत आल्यावर पुन्हा टाकतो. एकदा परतीचा रकाना भरायचा राहिला, तर मी दोन दिवस कागदोपत्री घराबाहेर होतो. तेव्हा जेवायला वाढताना हिनं विचारलं होतं, की हे ताट नक्की कुणाच्या नावावर टाकायचं. चेष्टा करणाऱ्यांनी खुशाल करावी. या सवयीमुळे माझ्या हातून चौतीस वर्षांत एक कागद गहाळ झाला नाही. आता त्याच सवयीपायी एका बंदरात आम्ही नवराबायको दोघंही बोटीवरून कमी झालो, तो भाग वेगळा. तोच सांगायचा आहे.

प्रवास अकरा दिवसांचा होता, किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारा. बोट अर्धी मालाची, अर्धी माणसांची. माल कुठे, किती वाजता उतरवायचा हे ठरलेलं असे. तोवर माणसांनी काय करायचं ते ज्याचं त्यानं पाहावं. या प्रवासाचा नकाशा कार्यालयात माझ्या टेबलाच्या काचेखाली बावीस वर्षं होता. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी मुलीची परीक्षा, कधी सासूबाईंचं ऑपरेशन, कधी नवे साहेब. निवृत्त झालो तेव्हा काच कार्यालयाची म्हणून तिथेच ठेवली आणि नकाशा घरी आणला. मग तयारीत मात्र कसूर केली नाही. बंदरवार वेळापत्रक केलं, सामानाची यादी तीन प्रतींत केली, छत्र्यांना नावं लावली. फक्त हिला बोट लागते का, एवढं विचारायचं राहिलं. अर्थात विचारून उपयोग नव्हता, कारण ही आयुष्यात कधी बोटीत बसलीच नव्हती.

लागली. पहिल्याच दिवशी पाऊण तासात लागली, आणि त्यानंतर तीन दिवस ही खालच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी शेजारी बादली घेऊन बसलेला. खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींचं मी तिला वर्णन करून सांगत असे, पण दीपगृह म्हटलं तरी ती फक्त 'हं' म्हणायची आणि बादलीकडे बोट करायची.

बोटीवर एखाद्याची तब्येत बिघडली की बाकीच्यांना उद्योग मिळतो. शेजारच्या केबिनमध्ये जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी दारातूनच हिच्याकडे पाहिलं, वजन विचारलं आणि एक भलीमोठी गोळी मोडून तिचा आठवा हिस्सा माझ्या हातावर ठेवला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, की चारा बंद केला की दोन दिवसांत फरक पडतो असा त्यांचा अनुभव आहे. समोरच्या केबिनमधल्या निवृत्त मुख्याध्यापिकांचं मत असं, की हा सगळा मनाचा खेळ आहे आणि क्षितिजाकडे एकटक पाहिलं की थांबतो. त्यांनी हिला दंडाला धरून वर डेकवर नेलं आणि क्षितिजासमोर उभं केलं. क्षितिजही हलत होतं. बोटीवरच्या स्वयंपाक्यानं आलं पाठवलं, कुणी लिंबू दिलं, कुणी कानात कापूस घालायला सांगितलं. आम्ही कुणाचंच मन मोडलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हिच्या कानात कापूस, मुठीत लिंबू आणि गालात आलं होतं, आणि तशा अवस्थेतही तिनं मला मफलर बांधायची आठवण करून दिली, हे मी मुद्दाम नमूद करतो.

चौथ्या दिवशी सकाळी ती उठून बसली. कानातला कापूस काढला आणि शांतपणे म्हणाली, "आज अकराला बोट थांबणार आहे ना? तिथून आपल्या गावाला बस जाते म्हणे. साडेतीनची. मी बसनं घरी जाते. तुम्ही पुढे जाऊन या."

पुढे जाऊन या म्हणजे, सात दिवस मी एकट्यानं फिरून यायचं. त्या क्षणी बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी म्हणालो, "केबिन दोघांच्या नावावर आहे. त्यात एकाला राहता येतं का, ते नियमात पाहावं लागेल."

तिनं बॅग ओढली आणि आपले कपडे तीत भरायला लागली. काहीतरी चुकलं एवढं मला कळलं. पण त्या जागी बरोबर वाक्य कुठलं असतं, ते सुचेना. म्हणून आणखी एक चुकीचं बोललो. बससुद्धा हलतेच, असं म्हणालो. त्यावर ती म्हणाली, की हलू दे, पण खाली जमीन आहे हे ठाऊक असतं. शिवाय बोटीनं चार दिवसांत तोडलेलं अंतर ही बस सात तासांत उलटं तोडते, अशी तिनं माहिती काढली होती. मला बोटीच्या वतीनं अपमान वाटला.

"एक करा मात्र," ती म्हणाली. "बसमध्ये बसायच्या आधी मला दोन तास न हलणाऱ्या खाटेवर झोपू द्या. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. एवढं जमवा."

अडतीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे इतकी साधी मागणी पूर्वी केली नव्हती, आणि मी मनाशी हिशेब बांधला. दोन तास गाढ झोप मिळाली की हिला हुशारी येईल. हुशारी आली की बसचं खूळ डोक्यातून जाईल आणि चार वाजता बोट सुटेल तेव्हा ही माझ्याबरोबर कठड्याशी उभी असेल. म्हणजे बावीस वर्षांचा नकाशा आता एका खाटेवर येऊन ठेपला होता. बोट अकराला थांबली. मी हिला हाताला धरून उतरवलं, आणि पहिल्याच फाटकावर घोळ घातला.

फाटकावर एक पहारेकरी स्टुलावर बसलेला होता आणि त्याच्या मागे फळीवर ओळीनं खिळे ठोकून पितळी बिल्ले टांगलेले होते. पद्धत अशी, की थोड्या वेळासाठी गावात जाणाऱ्या उतारूनं एक बिल्ला घ्यायचा आणि येताना तो परत खिळ्याला लावायचा. बोट सुटायच्या वेळी खिळा रिकामा दिसला, की कुणीतरी गावात राहिलं असं समजायचं. डॉक्टरांनी बिल्ला घेतला, मुख्याध्यापिकांनी घेतला, दोघं चालते झाले. मला मात्र ते पाहूनच कसंतरी झालं. बिल्ल्यावर आकडा होता, पण कुठला आकडा कुणाला दिला याची कुठेही नोंद नव्हती. उद्या माझा बिल्ला डॉक्टरांच्या खिशात सापडला, तर मी कोण?

मी नोंदवही मागितली. पहारेकरी म्हणाला, "काका, बिल्ला घ्या आणि जा. ऊन वाढतंय." मी त्याला नोंदीचं महत्त्व समजावून सांगितलं. उदाहरणं दिली. मागे रांग लागली. ही खांबाला धरून उभी होती आणि जमीनसुद्धा हलतेय असं पुटपुटत होती. शेवटी त्या बिचाऱ्यानं खणातून एक जाडजूड वही काढली आणि मधलं पान उघडून माझ्यासमोर ठेवली. काय सुरेख वही होती. नाव, केबिन, वेळ, सही, सगळे रकाने सरळ आखलेले. नव्या कारकुनांना मी चौतीस वर्षं एकच गोष्ट सांगत आलो, की आधी शीर्षक वाचा आणि मग सही करा. इथे शीर्षक वहीच्या पहिल्या पानावर होतं. पहिलं पान उलटायला दोन सेकंद लागले असते.

मी दोघांची नावं लिहिली आणि हिला त्रास नको म्हणून 'दोघांच्या वतीने' असं लिहून खाली झोकदार सही केली. पहारेकऱ्यानं एकदा हिच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "बरोबर केलंत काका. काकूंना जमिनीवरच बरं वाटेल. नीट जा, सांभाळून." त्याचा सूर जरा निरोपाचा वाटला, पण मी तो त्याच्या चांगुलपणात जमा केला.

फाटकासमोरच बसथांबा होता. तो बघून हिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला बघवलं नाही. मी तिला घाईनं गावात नेलं.

बंदरापासून तीन गल्ल्यांवर एक लॉज होता. तिथल्या मालकाची खोली द्यायला ना नव्हती, पण खोल्या बाराला रिकाम्या होणार, मग झाडून-पुसून दोनला मिळणार, असा नेम होता. झाडलेली नसली तरी चालेल म्हणालो, तर तो दुखावला. नंतर त्यानं ओळखपत्रं मागितली. ती बोटीच्या कचेरीत जमा होती. माझ्या खिशात नकाशा होता, तो दाखवला. त्यावर माझा फोटो नव्हता.

तिथून निघालो तर कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं आपणहून चौकशी केली. त्याची खुर्ची मागे झुकते आणि अजिबात हलत नाही, पण खुर्चीवर बसणाऱ्याची दाढी करावी लागते, असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. त्यानंच दवाखान्याचा रस्ता दाखवला. दवाखान्यात नर्सनं विचारलं, काय होतंय. मी म्हणालो, काही होत नाही, फक्त दोन तास आडवं व्हायचंय. आडवं होण्यासाठी काहीतरी व्हावं लागतं, हे तिनं मला समजावलं. तरी तिला हिची दया आली. आत जाऊन पाहून आली आणि म्हणाली, की रिकामी खाट एकच आहे, बाळंतिणींच्या खोलीत, आणि तिथे नाव घालायचं तर कागदावर तसं कारण लिहावं लागेल. हिला एकसष्टावं चालू आहे. हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी नर्सचे आभार मानून बाहेर आलो.

साडेबारा वाजून गेले होते. रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर हिनं बसकण मारली आणि डोळे मिटले. मी काय करावं ते न सुचून मागे वळून पाहिलं, तर काचेपलीकडे एक भलामोठा पलंग होता. शिसवी रंगाचा, दोन उशा, वर गादी आणि गादीवर अजून न काढलेलं प्लॅस्टिक. ते फर्निचरचं दुकान होतं.

दुकानदार बाहेर आला. माझ्याच वयाचा असेल, चष्मा कपाळावर चढवलेला. हिच्याकडे पाहून त्यानं विचारलं, की काय पाहायचंय. आता इथे मी खोटं बोललो. मी कधी बोलत नाही, पण बोललो. म्हणालो, पलंग पाहायचाय.

"बघा की," तो म्हणाला. "ताईंना झोपून बघू द्या. हातानं दाबून कधी पलंग कळतो का?"

ही आत आली, चपला काढल्या, पलंगावर आडवी झाली. एकदा हातानं चाचपून पाहिलं, की पलंग खरंच थांबलेला आहे ना. "हलत नाही हो," एवढं म्हणाली आणि अर्ध्या मिनिटात घोरायला लागली.

त्यानंतरचे अडीच तास मी गिऱ्हाईक होतो. बायको जाहिरातीच्या काचेत झोपलेली असताना नवऱ्यानं दुकानात कसं वागावं, याचे संकेत कुठे लिहिलेले नाहीत. मी पलंगाच्या पायांना टकटक करून पाहिलं. कपाटांचे खण उघडले, मिटले. आरशात पाहिलं. लाकडाच्या जातीबद्दल प्रश्न विचारले आणि उत्तरं वहीत टिपून घेतली. सगळ्या वस्तू संपल्या तेव्हा पहिल्या कपाटापासून पुन्हा सुरुवात केली. दुकानदार प्रत्येक वेळी तेवढ्याच अगत्यानं, पण खालच्या आवाजात माहिती सांगत होता.

काचेबाहेर हळूहळू माणसं थांबायला लागली. आधी दोन होती, मग सात-आठ झाली. माझ्या मानी स्वभावाला हे जड गेलं. आमच्या घराण्यात कुणी भरदिवसा रस्त्यावरच्या लोकांसमोर झोपलेलं नाही. मी काचेकडे पाठ करून आडवा उभा राहिलो, पण पलंग सहा फुटी होता आणि मी फार तर दीड फूट झाकत होतो. गर्दीत डॉक्टर आणि मुख्याध्यापिकाही येऊन पोचले. डॉक्टरांनी काचेतूनच हिचा श्वास मोजला आणि मला अंगठा दाखवून ठीक आहे असं कळवलं. मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना हळू बोलायची ताकीद दिली. एक बाई आत शिरल्या आणि कुजबुजत म्हणाल्या, की ही गादी त्यांनाही दाखवा. त्यांच्या यजमानांना झोप लागत नाही. पाठोपाठ आणखी एक गृहस्थ आले. दुकानदारानं दोघांना मागच्या दारानं गोदामात नेलं आणि दोघंही गादी ठरवूनच बाहेर आले.

शेवटी माझ्यानं राहवेना. मी त्याला खरं सांगून टाकलं. आम्हाला पलंग घ्यायचा नाही, आम्ही बोटीवरचे, हिला बोट लागलीय, आणि मी त्याला फसवलं.

तो म्हणाला, "ते मला पायरीवरच कळलं होतं. बत्तीस वर्षं पलंग विकतोय. लोक येतात, दाबून बघतात, ठोकून बघतात. दुकानात झोपलं मात्र कुणी नाही आजवर. झोपू द्या." आणि त्यानं माझ्यासाठी एक खुर्ची ओढली. तिच्यावरही किमतीची चिठ्ठी लटकत होती, ती त्यानं मागे टाकली.

मी खुर्चीत बसलो आणि घड्याळाकडे पाहिलं. तीनला पाच मिनिटं होती. आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या मनात एक वाईट विचार आला. बस साडेतीनची, बोट चारची. हिला साडेतीनपर्यंत उठवलंच नाही, तर बस आपोआप निघून जाईल. मला काही करावं लागणार नाही. कुणी मला दोष देणार नाही, झोपलेल्या माणसाला कसं उठवणार. कार्यालयात याला फाइल मुरवणं म्हणत. निर्णय घ्यायचा नसला की फाइल खणात ठेवायची आणि मुदत टळू द्यायची. मी ते कधी केलं नाही, पण करणारे शेजारीच बसायचे, त्यामुळे रीत मला चांगली माहीत होती.

तीन वाजले. तीन वाजून पाच मिनिटं झाली. हिचं तोंड थोडं उघडं होतं आणि गालावर उशीच्या प्लॅस्टिकचा वळ उठला होता. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली होती. मुठीत कालचं लिंबू अजून होतं. मला तिची फार माया आली आणि स्वतःची लाज वाटली. अडतीस वर्षं जिनं माझ्यापासून काही लपवलं नाही, तिला मी आता झोपेत गाठून बोटीवर चढवणार होतो.

तीन दहाला मी तिला हलवून उठवलं.

तिनं डोळे उघडले, आढ्याकडे पाहिलं, काचेबाहेरच्या माणसांकडे पाहिलं आणि उठून बसली. "किती वाजले?"

"तीन दहा."

"आणि बस?"

"साडेतीनला."

"मग उठवलंत कशाला?"

"साडेतीनची आहे म्हणूनच."

तिनं चपला घातल्या, उशा नीट केल्या, दुकानदाराला मनापासून हात जोडले. लिंबू त्याच्या गल्ल्यावर ठेवलं. त्यानं ते नाकाशी नेलं आणि ठेवून घेतलं. आम्ही बाहेर पडलो. काचेबाहेरच्या लोकांनी आम्हाला वाट करून दिली. त्यातले काहीजण हिला झोप कशी लागली ते विचारत होते.

तिची बॅग बोटीवरून आणायची होती. पण बंदराच्या फाटकाशी पोचलो तर बॅग फाटकातच होती. तिची होती, माझी होती, छत्र्या होत्या, यादीच्या तीन प्रतींची पिशवी होती आणि वर आमची बादलीही होती. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'उतरले'.

पहारेकऱ्याला वाटलं, मी त्याचे आभार मानायला आलोय. मी त्याला जाब विचारला तेव्हा त्याचा चेहरा पडला. "काका, प्रवास संपवून उतरणाऱ्यांची वही आहे ती. तुम्हीच मागितलीत. मी बिल्ला देत होतो." आणि त्यानं वहीचं पहिलं पान उलटून दाखवलं. शीर्षक बोटभर मोठ्या अक्षरांत होतं. खाली लाल शाईनं अधोरेखित केलेलं होतं.

मागून मला एक आवाज ऐकू आला. वळून पाहिलं तर ही बॅगेवर बसून हसत होती. चार दिवसांत पहिल्यांदा हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दोघांच्या वतीने," ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. मला राग यायला हवा होता, पण ती हसते आहे याचंच मला इतकं बरं वाटलं, की रागवायचं राहून गेलं.

पहारेकऱ्यानं शेजारची खिडकी दाखवली. चूक दुरुस्त करायची तर तिथे पुनःप्रवेशाचा अर्ज द्यायचा होता. खिडकीत माझ्या मुलीच्या वयाची एक कारकून बसली होती. टेबल स्वच्छ, शिक्के ओळीनं लावलेले, टाचण्या डबीत. मला तिच्याबद्दल एकदम आदर वाटला, आणि त्याची पुढे मी किंमत मोजली. अर्जात नाव, केबिन असं सगळं भरून मी कारणाच्या रकान्याशी आलो आणि लिहिलं, 'नजरचुकीने'. तिनं अर्ज परत दिला. म्हणाली, ते उतरण्याचं कारण झालं, परत चढण्याचं लिहा. मी लिहिलं, 'प्रवास अपूर्ण राहिल्यामुळे'. तिनं पुन्हा परत दिला. "काका, अपूर्ण राहिला ही परिस्थिती झाली. कारण स्पष्ट लिहा."

कारण स्पष्ट लिहा. हेच शब्द मी चौतीस वर्षं निळ्या पेन्सिलीनं लोकांच्या अर्जांवर लिहीत आलो. ते लिहून मी घरी जाऊन जेवत असे. ज्याच्या अर्जावर ते लिहिलं त्याचं पुढे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

रस्त्यापलीकडे बस येऊन उभी राहिली. साडेतीनला सात मिनिटं होती. ही बॅगेवरून उठली नव्हती, पण बसकडे पाहत होती.

मी तिसऱ्यांदा पेन टेकवलं तेव्हा त्या मुलीनं विचारलं, "अर्ज एकाचा की दोघांचा?"

एकाचा म्हटलं असतं तर ती मला केबिन देणार होती, न देण्याचं काही कारण नव्हतं. बोट तिथे उभी होती. पुढे सात दिवस होते आणि सात बंदरं. मी नकाशावर ती इतक्या वेळा पाहिली होती, की डोळे मिटूनही जाता आलं असतं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की एवढ्या बावीस वर्षांत त्या नकाशावर मी स्वतःला एकट्याला कधीच पाहिलं नव्हतं. दर वेळी शेजारी कठड्याला ही होती आणि मी हिला बोट करून काहीतरी दाखवत होतो. हिला दाखवायचं नसेल तर मला ते दीपगृह बघून काय करायचं होतं?

मी पेनाला टोपण लावलं. "राहू द्या," मी म्हणालो. "नोंद आहे ती बरोबर आहे. आम्ही दोघंही उतरलो."

"म्हणजे तुम्हाला जायचं नाही?"

"तिच्याशिवाय नाही. तिच्याशिवाय मला तिकडे काही करमायचं नाही."

हे मी बऱ्यापैकी मोठ्यानं बोललो असणार, कारण पहारेकरीही वळून पाहायला लागला. मी आमच्या दोन्ही बॅगा उचलल्या, बादली मनगटाला अडकवली आणि बसच्या दिशेनं निघालो. दोन पावलं गेलो असेन.

"अहो," मागून ही म्हणाली. "ते पेन द्या इकडे."

तिनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, खिडकीशी गेली आणि माझाच अर्ज पुढे ओढला. माझ्या खोडलेल्या दोन कारणांच्या खाली तिनं काहीतरी लिहिलं आणि सही केली. मुलीनं वाचलं. एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा बादलीकडे पाहिलं आणि काही न विचारता शिक्का मारला.

मी वाकून पाहिलं. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते. 'झोप झाली.' खाली लिहिलं होतं, 'दोघांच्या वतीने'.

बस आमच्यादेखत सुटली. आम्ही आपलं चिठ्ठ्या लावलेलं बिऱ्हाड घेऊन पुन्हा बोटीवर चढलो. चार वाजता ही माझ्याबरोबर कठड्याशी उभी होती, आणि मी तिला बंदराचा धक्का, गोदाम, टेकडी असं एकेक बोट करून दाखवलं. तिनं सगळं पाहिलं. फर्निचरचं दुकान कुठल्या गल्लीत ते तिनंच मला दाखवलं.

पाच वाजता तिला पुन्हा बोट लागली. मी बादली धरली. थोडं ओसरल्यावर उशीवर डोकं टेकून तिनं विचारलं, "पुढचं बंदर कधी?"

"उद्या. साडेदहाला."

"तिथं पलंगांचं दुकान असेल ना?"

"असेल. नसलं तर शोधीन."

"आणि फाटकावर काय करायचं?"

"बिल्ला घ्यायचा. नोंद करायची नाही."

"लिहून द्या."

मी यादीची एक प्रत उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहून दिलं, की पुढील कोणत्याही बंदरात मी नोंदवही मागणार नाही. तारीख घातली, सही केली. तिनं झोपल्या झोपल्या वाचलं आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"कारण नाही लिहिलंत."

मी बादली खाली ठेवली, कागद मांडीवर घेतला आणि कारण लिहिलं. दुपारी खिडकीशी मोठ्यानं बोलून गेलो होतो तेच, एका ओळीत, खाडाखोड न करता. तिनं ते वाचलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवून भिंतीकडे तोंड केलं. मूळ कागद तिच्याकडेच आहे. स्थळप्रत मी ठेवलेली नाही, मला तो पाठ आहे.